वळ्यांचा जग : चाकाशिवाय मातीचं ओतायचं भांडं

पणती, वाटी, कुंडी ही बसून राहणारी भांडी. पाण्याच्या जगाला कष्टाचं काम असतं. भरलेला असताना तो एका हाताने उचलायचा, वाकवायचा, धार पाडायची, ती नेमकी थांबवायची आणि शेवटी हात घालून घासायचा. म्हणून पोटाच्या गोलाईच्या आधी चोच, कान आणि वजन यांचा विचार करावा लागतो. चाक येत नसेल तरी अडत नाही. वळ्यांवर वळ्या, म्हणजे मातीच्या हाताने वळलेल्या दोरीसारख्या लांब लडी, चढवून सव्वा लिटरचा जग तीन-चार दिवसांत उभा राहतो. घाई केली तर मात्र तो दुसऱ्याच दिवशी कलतो, नाहीतर भट्टीत सांध्यावर उकलतो.

आधी मापं

माती वाळताना आकसते आणि भाजताना पुन्हा आकसते. दोन्ही मिळून लांबीत सुमारे १० टक्के घट धरा. आकारमानाचा हिशोब इथे चुकतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही १० टक्क्यांनी कमी झाल्या की आतली जागा २७ टक्क्यांनी घटते. ओल्या मातीत एक लिटर मावेल असा जग केला, तर भाजून हाती येतो पाऊण लिटरहूनही थोडा लहान.

गळ्यापर्यंत सव्वा लिटर आणि काठोकाठ दीड लिटर पाणी मावणाऱ्या जगासाठी ओल्या मातीची बाहेरची मापं अशी ठेवा: बूड ११ सेंमी, पोट सर्वांत फुगीर तिथे १५.५ सेंमी आणि ते बुडापासून ९ सेंमी उंचीवर, गळा ११ सेंमी आणि तो १६ सेंमी उंचीवर, काठ ११.५ सेंमी, एकूण उंची २२ सेंमी. भिंत ७ ते ८ मिमी. भाजल्यावर उंची साधारण २० सेंमी राहते आणि गळा आतून साडेआठ सेंमीच्या आसपास. गळा याहून अरुंद केला तर दिसायला छान, पण आत हात जात नाही, आणि ताकाचा जग ब्रशने कधीच नीट निघत नाही.

या मापाला मळलेली माती सव्वादोन किलो घ्या. त्यातली काही खरवडण्यात जाते. जुन्या कॅलेंडरच्या जाड पुठ्ठ्यावर जगाच्या अर्ध्या बाजूची बाह्यरेषा पूर्ण मापाने काढून कापा. हा साचा दर दोन वळ्यांनंतर भिंतीला लावून बघायचा. डोळ्यावर विसंबलं की पोट हमखास वाजवीपेक्षा सुटतं.

माती : खानापूरकडची की पिशवीतली

बेळगाव जिल्ह्यात मातीचं नशीब पूर्व-पश्चिम बदलतं. खानापूर तालुका विटा, कौलं आणि मडक्यांसाठी ओळखला जातो. खादी ग्रामोद्योग आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही खानापुरातच आहे. त्या बाजूची मडक्याची माती वळ्यांना चांगली. जांभ्याची लाल माती दिसायला मोहक असते, पण तिला चिकटपणा नसतो; वळी वाकवली की तुटते. बैलहोंगल, सौंदत्तीकडची काळी माती याच्या उलट. हाताला लोण्यासारखी, पण वाळताना इतकी आकसते की जगाला भेगाच भेगा. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. नुसत्या काळ्या मातीचा जग करू नका.

माती शेतातून उकरण्यापेक्षा कुंभाराकडून घ्या. चाळलेली, मळलेली मिळते आणि ती किती आचेला टिकते हे त्याला ठाऊक असतं. कन्नड बोलणाऱ्या गावात गेलात तर 'जेडीमण्णू' मागा, लगेच समजतं. चाकासाठी केलेली माती मात्र वळ्यांना जरा जास्तच मऊ आणि बारीक पडते. तिच्यात खापराचा चुरा मिसळा: दहा किलो मातीला एक ते दीड किलो. फुटकी मडकी किंवा कौलं कुटून पिठाच्या नव्हे, रव्याच्या चाळणीने चाळायची. या चुऱ्याने माती कमी आकसते, ओल लवकर बाहेर पडते आणि भिंत उभी राहते. लीद किंवा भुसा घातलेली माती माठाला उत्तम, कारण ती जळून बारीक छिद्रं राहतात आणि पाझरलेल्या पाण्याची वाफ होताना माठ गार होतो. ताकाच्या जगाला ती नको.

कच्ची माती आणलीच, तर ती आधी खडखडीत वाळवा. दमट ढेकूळ पाण्यात नीट विरघळत नाही, कोरडं ढेकूळ काही मिनिटांत ढासळतं. बादलीत दोन दिवस भिजवा, ढवळा, मांजरपाटातून गाळा, वरचं पाणी काढून टाका आणि उरलेली राड गोणपाटावर पसरा. गोळा होण्याजोगी झाली की प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून निदान पंधरा दिवस मुरू द्या.

दोन चाचण्या टाळू नका. कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर चुना आहे. भट्टीत त्या कणांचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतली ओल शोषून फुगतो आणि भाजल्यानंतर आठवड्यांनीसुद्धा जगाची खपली उडवतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर लवकरच. दुसरी चाचणी आकसण्याची. १४ सेंमी लांब पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंमीची रेघ ओढा. भाजल्यावर रेघ ९ सेंमी भरली तर वरची मापं जशीच्या तशी चालतील. ८.८ सेंमीहून कमी भरली तर चुरा वाढवा.

स्टोनवेअरची तयार माती पिशवीत मिळते. ती १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे भाजली की भांडं जवळपास पाणी शोषत नाही, म्हणून जेवणाच्या टेबलावरच्या जगाला तीच उजवी. पण त्या आचेची विजेची किंवा गॅसची भट्टी जवळ आहे का हे आधी बघा. नाहीतर भांडी गाडीत घालून शंभर किलोमीटर न्यावी लागतील, आणि कच्चं भांडं तेवढा प्रवास सहसा सोसत नाही.

हत्यारं

फारसं काही लागत नाही. केक सजवायचा फिरता स्टँड, त्यावर ठेवायला प्लायवूडचा तुकडा, घासून गुळगुळीत केलेली करवंटी, हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा, जुना दात घासायचा ब्रश, काटा-चमचा, सुई, एक लाकडी थापी आणि आतून टेकवायला मुठीत मावेल असा नदीतला गुळगुळीत धोंडा. प्लायवूड पॉलिश केलेला नको, माती चिकटते.

बूड

साडेतीनशे ग्रॅम गोळा थापून ९ ते १० मिमी जाडीची चकती करा. करवंटीने ती दोन्ही बाजूंनी, मधून कडेकडे आणि कडेकडून मध्ये, दाबून घासा. बुडाला पडणारी वेडीवाकडी भेग बहुतेक वेळा न दाबलेल्या मातीमुळे पडते. ११ सेंमीचा गोल कापा. खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवा. त्यामुळे बूड आकसताना सरकू शकतं आणि मोकळं राहतं.

वळ्या

माती भाकरीच्या पिठापेक्षा थोडी घट्ट हवी. बोटाभोवती गुंडाळल्यावर वळीला भेगा पडल्या तर ती कोरडी आहे. गोळ्यात थोडं पाणी घालून पुन्हा मळा. वर नुसतं पाणी चोळल्याने सालच ओली होते, गाभा तसाच राहतो.

आधी मुठीने गोळा लांबट करा, मग पाटावर तळव्यांनी मधून बाहेर सरकत वळा. बोटांनी नको, तळव्याने. बोटांचे खळगे पडतात आणि वळी जागोजागी बारीक होते. जाडी १३ ते १५ मिमी; चेपल्यावर त्यातून ७-८ मिमीची भिंत निघते. लांबी बुडाला ३५ सेंमी, पोटाजवळ ४९ ते ५० सेंमी. वळी चपटी होऊन लडबडू लागली तर तशीच रेटू नका, मधे पोकळ होते. दोन्ही टोकं धरून पिळा आणि पुन्हा वळा. पाच-सहा वळ्या करून ओल्या फडक्याखाली ठेवा, त्याहून जास्त नको. वाट बघणारी वळी सुकते आणि सांधा कच्चा राहतो.

बुडाच्या कडेला काट्याने आडवे-उभे चरे पाडा, राड लावा आणि पहिली वळी बसवा. राड म्हणजे त्याच मातीचा दाटसर घोळ. त्यात पाण्याऐवजी थोडं व्हिनेगर घातलं तरी चालतं. वळीची टोकं तिरकी कापून एकमेकांवर चढवा. दुसऱ्या वळीचा जोड पहिल्याच्या जोडावर येऊ देऊ नका, निदान चौथाई घेर पुढे ठेवा, नाहीतर सगळे जोड एका उभ्या रेषेत येऊन भेगेला वाट करून देतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डाव्या हाताने बाहेरून आधार द्या आणि उजव्या अंगठ्याने आतल्या बाजूची माती वरच्या वळीतून खालच्या वळीत ओढा, बोट-बोट अंतरावर, पूर्ण घेर. मग बाहेरून तेच, पण खालची माती वर. एका दिशेने ओढलं की सांधा नुसता झाकला जातो, दोन दिशांनी ओढलं की तो मिटतो. बाहेर वळ्यांची नक्षी ठेवायची हौस असेल तर ठेवा, पण आतली बाजू पूर्ण मिटवा. पाणी आतून दाब देतं आणि मळही आतच साचतो.

घेर वाढवायचा तर पुढची वळी बाहेरच्या कडेवर बसवा, कमी करायचा तर आतल्या कडेवर. एका वळीत व्यास सेंटिमीटरहून जास्त वाढवू नका.

तीन, फार तर चार वळ्या झाल्या की थांबा. खालची माती बोटाने दाबल्यावर जेमतेम दबते, पण हाताला चिकटत नाही, तेव्हाच पुढे जा. दमट हवेत याला दोन-तीन तास लागतात, मार्च-एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात पाऊण तास पुरतो. थांबताना वरच्या कडेवर ओल्या कापडाची पट्टी ठेवा. कडा सुकली आणि तिच्यावर ओली वळी चढवली तर दोन्ही वेगवेगळ्या मानाने आकसतात, आणि ती भेग तुम्हाला भट्टीनंतरच दिसते.

पोट पूर्ण झालं की आतून धोंडा टेकवून बाहेरून थापीने हलके ठोके द्या. कुंभार माठ याच युक्तीने पातळ आणि गोल करतात. ठोक्याने माती दाबली जाते आणि राहिलेले सांधे बसतात. थापीला ओल्या फडक्याचा हात लावत राहा. ठोकताना पोट खाली बसू लागलं तर माती अजून मऊ आहे. हवेत ठेवा आणि तासाभराने या.

गळा चढवताना वळ्या थोड्या बारीक, १२ मिमीच्या घ्या. वरचं वजन कमी राहतं आणि पोट दबत नाही.

चोच

काठ अजून मऊ असताना चोच काढायची. डाव्या हाताची दोन बोटं काठाला बाहेरून साडेतीन सेंमी अंतरावर टेकवा, उजव्या हाताची ओली तर्जनी त्यांच्या मधून आतून बाहेर आणि डावीकडून उजवीकडे हलकेच फिरवत काठ बाहेर आणि किंचित खाली वळवा. पंधरा-वीस हलक्या फेऱ्यांत चोच येते. एकदम ओढली तर काठ फाटतो.

चांगल्या चोचीत दोन गोष्टी असतात. एक, गळ्यापासून ओठापर्यंत येणारी पन्हळ हळूहळू अरुंद होते, म्हणून पाणी एकवटून वेगाने सुटतं. दुसरी, ओठाची खालची कड धारदार असते. गोलसर, जाड ओठाला पाणी चिकटतं, वळून खाली येतं आणि जगाच्या पोटावरून टेबलावर ठिबकतं. माती चामड्यासारखी घट्ट झाली की ओठाखालची कड सुईने तासून कोनात आणा, बोट चिरेल इतकी नको. ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावायचं असेल तर थोडी जास्तच तासा, कारण ग्लेझचा थर तिला पुन्हा बोथट करतो. ओठाचं टोक बाकी काठापेक्षा फार खाली येऊ देऊ नका, नाहीतर जग तेवढाच भरता येतो.

मोठी, उंच चोच हवी असेल तर काठात ४ सेंमी रुंद आणि ३ सेंमी खोल खाच कापून त्यात पानाच्या आकाराचा वेगळा तुकडा चरे पाडून बसवा. नवख्यांनी मात्र आधी नुसती काठाची कडी करून तिला तीन-चार तऱ्हेच्या चोची काढाव्यात, भाजाव्यात आणि नळाखाली धरून बघाव्यात. एका दुपारचं काम आहे आणि चोचीबद्दल त्यातून जे कळतं ते दहा जग करून कळत नाही.

कान

दीडशे ग्रॅमचा गाजरासारखा गोळा डाव्या हातात उभा धरा आणि ओल्या उजव्या हाताने वरून खाली दुधाची धार काढावी तसं सलग ओढत जा. अडीच ते तीन सेंमी रुंद, मधे एक सेंमी जाड, वरून खाली निमुळती पट्टी निघते. १७ सेंमी कापून तिला कमान द्या आणि जगाच्या घट्टपणाला येईपर्यंत थांबा. कानाची ओल आणि जगाची ओल सारखी असणं हाच कान टिकण्याचा नियम. ओला कान सुकत्या जगाला लावला की वरच्या सांध्याशी केसाएवढी भेग पडतेच.

कान चोचीच्या बरोबर समोर, १८० अंशांत. वरचं टोक काठाच्या दोन सेंमी खाली, खालचं पोटाच्या फुगीर भागावर. कान आणि जग यांच्यात ओल्या मातीत ४ सेंमी जागा ठेवा, म्हणजे भाजल्यावर बोटं पोटाला घासत नाहीत. जास्त लांब कानही वाईट, भरलेला जग मनगटाला पिळतो. दोन्ही बाजूंना चरे, राड, मग आतून बोटाचा आधार देऊन दाबा. सांध्याच्या बगलेत बारीक वळी भरून ती बोटाने मिटवा. मग अख्खा जग रात्रभर प्लॅस्टिकखाली, म्हणजे सगळीकडची ओल एकसारखी होते. भट्टीतून निघेपर्यंत जग कानाने उचलायचा नाही.

दुसऱ्या दिवशी ब्लेडने बाहेरून खरवडून भिंत ६ मिमीपर्यंत आणा. खालचा तिसरा हिस्सा नेहमी जाड राहतो, तिथे जास्त खरवडा. पाणी न भरता जग जड वाटत असेल तर भरल्यावर तो वापरलाच जाणार नाही.

वाळवणं

जून ते सप्टेंबर या कामासाठी अवघड. कणकुंबी-जांबोटीकडे तर त्या दिवसांत जग आठ-पंधरा दिवसांतही आतून कोरडा होत नाही. उन्हाळ्यात उलट, एक बाजू सुकते आणि दुसरी ओली राहते. सर्वांत सोयीचे महिने ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पहिले तीन दिवस सैल प्लॅस्टिकखाली, मग सावलीत उघडा, रोज पाव फेरा फिरवून. कान आणि चोच आधी सुकतात, म्हणून त्यांच्यावर प्लॅस्टिकची पट्टी दोन दिवस जास्त ठेवा. पंख्याखाली आणि उन्हात नको. बूड गालाला लावल्यावर गार लागलं तर आत अजून पाणी आहे.

भाजणं आणि ग्लेझ

विजेच्या भट्टीत पहिली भाजणी अशी: तासाला ६० ते ८० अंशांनी चढवत ९० अंशांपर्यंत आणि तिथे तीन तास थांबा. उरलेली ओल इथे निघून जाते. ओला जग १०० अंशांच्या पुढे ढकलला की आतल्या वाफेने तो फुटतो. पुष्कळजण हवेच्या बुडबुड्याला दोष देतात, पण फोडते ती वाफच. मग ६०० अंशांपर्यंत तासाला १००, कारण ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झचा आकार एकदम बदलतो. पुढे तासाला १५० अंशांनी १००० पर्यंत. थंड होताना भट्टी १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय उघडू नका.

कुंभाराच्या लाकूड-गवताच्या आव्यात साधारण ७०० ते ९०० अंश मिळतात. त्यात भाजलेला जग पाण्यासाठी वापरता येतो, पण तो पाझरतो. हरकत नाही, पाणी गार राहतं. खाली ताटली ठेवा. असा जग गेरूचा हात देऊन, चामड्यासारखा घट्ट असताना गुळगुळीत खड्याने घोटला तर सुरेख चकाकतो. ताक, सोलकढी, दूध त्यात ठेवू नका. ती छिद्रांत मुरतात आणि वास जात नाही.

त्यांच्यासाठी आतून ग्लेझ हवंच, तेही शिसं नसलेलं, खाण्याच्या भांड्यांसाठीचं आणि तुमच्या मातीच्या आचेला जुळणारं. ताक, कोकम, चिंचेचा कोळ हे आंबट पदार्थ वाईट ग्लेझमधलं शिसं आणि कॅडमियम सोडवतात. डब्यावर शिसेविरहित असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. विकायचे जग असतील तर प्रयोगशाळेतून तपासून घ्या, डोळ्यांना शिसं दिसत नाही.

पहिल्या भाजणीनंतर जग ओल्या स्पंजाने पुसा. सायीइतकं दाट ग्लेझ आत अर्ध्यापर्यंत ओता, पाच-सहा सेकंदांत सगळीकडे फिरवा आणि चोचीतून बाहेर काढा. थर एक मिमीच्या आसपास. बुडाला आणि त्याच्या वर ४ मिमीपर्यंत ग्लेझ पुसून टाका, नाहीतर दुसऱ्या भाजणीत जग भट्टीच्या फरशीला कायमचा चिकटतो. ग्लेझवर जाळीसारख्या बारीक रेघा पडल्या तर ते मातीपेक्षा जास्त आकसतं आहे. त्या रेघांतून ताक आत जातं, म्हणून असा जग फुलांसाठी ठेवा.

वापरण्याआधी

जग काठोकाठ भरून वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागद पूर्ण भिजलेला असेल तर सांधा किंवा भेग शोधा: जग बाहेरून पुसून बोट फिरवलं की ओली रेघ लागते. वळीच्या सांध्यावर आडवी रेघ असेल तर तिथली वळी बसवताना कडा सुकलेली होती. कानाखाली असेल तर ओल जुळली नव्हती. बुडाच्या मध्यावर असेल तर चकती दाबली नव्हती. ग्लेझ नसलेला जग नुसता सगळीकडून घामाजला असेल तर तो ठीक आहे. त्यात दोन दिवस पाणी भरून ठेवा, दोनदा बदला आणि मग पिण्याला घ्या. पावसाळ्यात असा जग रात्री रिकामा करून पालथा घाला, पण काठ पूर्ण टेकू देऊ नका, खाली दोन काड्या ठेवा. हवा खेळली नाही की आत बुरशी धरते.